सरकारी संगणक प्रणालीचा खरा खर्च कसा काढावा

महानगरपालिकेने किंवा शासनाच्या एखाद्या विभागाने नवी संगणक प्रणाली सुरू केली की बातमीत बहुधा एकच आकडा येतो, आणि तो असतो कंत्राटाच्या मूळ रकमेचा. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत देखभाल, सर्व्हर, सॉफ्टवेअर परवान्यांचे नूतनीकरण, कंत्राटी ऑपरेटर आणि किरकोळ म्हणून मंजूर झालेल्या सुधारणा यांवर जो पैसा जातो तो निरनिराळ्या लेखाशीर्षांखाली (म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या वर्गांखाली) आणि निरनिराळ्या वर्षांत विखुरलेला असल्यामुळे एका कागदावर कधीच एकत्र दिसत नाही. काटकसरीची खरी जागा नेमकी तिथे असते. या खर्चाचे बहुतेक तुकडे सार्वजनिक नोंदींत उपलब्ध आहेत किंवा मागितल्यास मिळू शकतात. ते शोधून, एकत्र मांडून त्यांतून बचतीचा ठोस प्रस्ताव कसा तयार करावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे. नगरसेवक, पत्रकार आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांना ही पद्धत उपयोगी पडेल, आणि ज्यांना वरिष्ठांसमोर खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो अशा कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही ती तितकीच लागू आहे.

एकच प्रणाली निवडा

संपूर्ण विभागाचा माहिती तंत्रज्ञानावरील खर्च काढण्याच्या मागे सुरुवातीला लागू नये. मालमत्ता कर वसुली, जन्म-मृत्यू नोंदणी, बांधकाम परवानगी, पाणीपट्टी देयके यांसारखी एकच प्रणाली निवडावी. निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ती प्रणाली निदान तीन-चार वर्षे वापरात असावी, म्हणजे आवर्ती खर्चाचे चित्र स्पष्ट होते. शिवाय तिच्यातून दरवर्षी किती अर्ज किंवा देयके हाताळली जातात, ही संख्या मिळण्याजोगी असावी, कारण शेवटी एकूण रकमेला या संख्येने भागायचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असलेल्या सेवांच्या बाबतीत प्राप्त आणि निकाली अर्जांची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे अशी सेवा निवडल्यास हे काम सोपे होते.

अर्थसंकल्पात कुठे पाहावे

महाराष्ट्र शासनाच्या अर्थसंकल्पात प्रत्येक खर्चाला मुख्यशीर्ष असते. जिल्हा प्रशासनासाठी २०५३, सर्वसाधारण शिक्षणासाठी २२०२, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यासाठी २२१० असे हे चार अंकी क्रमांक आहेत. त्याखाली योजना येते आणि सर्वांत शेवटी खर्चाचे उद्दिष्ट, म्हणजे तपशीलवार शीर्ष, येते. नवखा वाचक साहजिकच ‘१७ – संगणक खर्च’ हे उद्दिष्ट पाहतो आणि तोच पूर्ण खर्च आहे असे समजतो. प्रत्यक्षात ऑपरेटरांचे मानधन ‘१० – कंत्राटी सेवा’ मध्ये, सल्लागारांचे शुल्क ‘२८ – व्यावसायिक सेवा’ मध्ये, शाई, कागद आणि किरकोळ दुरुस्त्या ‘१३ – कार्यालयीन खर्च’ मध्ये आणि एखाद्या महामंडळामार्फत किंवा सोसायटीमार्फत काम करून घेतले असल्यास संपूर्ण रक्कम ‘३१ – सहायक अनुदाने’ मध्ये गेलेली असू शकते. या पाचही ठिकाणी शोध घेतल्याशिवाय बेरीज करू नये.

वित्त विभागाच्या ‘बीम्स’ या प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय तरतूद, वितरित निधी आणि खर्च पाहता येतो. तेथे तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे दोन स्तंभ काळजीपूर्वक वेगळे ठेवावेत. अर्थसंकल्पातील मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या तक्त्यात नेहमी प्रत्यक्ष रक्कमच घ्यावी. तरतुदीचे आकडे जोडून केलेला आरोप किंवा दावा कार्यालय एका वाक्यात खोडून काढू शकते, आणि मग उरलेल्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाते.

नगरपालिका आणि महानगरपालिकांचे लेखापरीक्षित हिशेब केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या ‘सिटी फायनान्स’ पोर्टलवर मिळू शकतात. ग्रामपंचायतींसाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेले ‘ई-ग्रामस्वराज’ आहे. ग्रामपंचायत स्तरावर आपले सरकार सेवा केंद्रांचा खर्च वित्त आयोगाच्या निधीतून होत आल्याच्या नोंदी पाहताना, संगणक परिचालकाचे मानधन किती आणि साहित्य, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण यांचा वाटा किती, ही फोड अवश्य करावी. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यासाठी दुसऱ्या कोणत्याही तयारीची गरज नाही.

शासन निर्णय आणि निविदा

शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शोध घेताना शब्दांचा पेच येतो. एकाच गोष्टीला एक विभाग ‘संगणक प्रणाली’ म्हणतो, दुसरा ‘आज्ञावली’, तिसरा ‘सॉफ्टवेअर’ आणि चौथा ‘ई-गव्हर्नन्स प्रकल्प’. हे सगळे शब्द आळीपाळीने टाकून पाहावेत, आणि त्यांच्याबरोबर ‘मुदतवाढ’, ‘प्रशासकीय मान्यता’, ‘निधी वितरित’, ‘देखभाल दुरुस्ती’ हेही शब्द वापरावेत. यांपैकी ‘मुदतवाढ’ या शब्दाने जे निर्णय सापडतात ते सर्वांत मोलाचे असतात. मूळ निविदा स्पर्धेतून गेलेली असते, पण मुदतवाढ त्याच पुरवठादाराला, त्याच दराने किंवा वाढीव दराने, पुन्हा स्पर्धा न होता दिली जाते. एखाद्या कंत्राटाला दोनदा-तीनदा मुदतवाढ मिळाली असेल तर तिचे कारण निर्णयाच्या प्रस्तावनेत सहसा लिहिलेले असते. ‘नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत’ हे शब्द एकदा आले तर समजण्यासारखे आहे, परंतु सलग तीन वर्षे आले तर निविदा प्रक्रिया कुणी आणि का रोखून धरली, हा तुमचा पहिला प्रश्न ठरतो. प्रत्येक शासन निर्णयाच्या अखेरीस त्याचा संकेतांक छापलेला असतो. तो आपल्या तक्त्यात उतरवून ठेवावा, म्हणजे तपासणाऱ्याला मूळ कागद लगेच मिळतो.

निविदांसाठी राज्याचे ‘महाटेंडर्स’ आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेली केंद्राची ‘जेम’ ही खरेदीपेठ पाहावी. निविदेची सूचना मिळणे सोपे आहे. कंत्राट कोणाला आणि किती रकमेला मिळाले याची नोंद मात्र सगळी कार्यालये सारख्याच नेमाने भरत नाहीत, म्हणून निविदा क्रमांक टिपून ठेवावा आणि न सापडलेली माहिती पुढे माहिती अधिकारात मागावी. निविदा कागदपत्र वाचताना पात्रतेच्या अटींकडे विशेष लक्ष द्यावे. एखाद्या विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाचे नाव अटींमध्येच घातलेले असेल, किंवा उलाढालीची अट कामाच्या किमतीच्या मानाने फार मोठी असेल, तर किती निविदाकार आले हे मुद्दाम पाहावे. त्याचप्रमाणे थोड्या दिवसांच्या अंतराने, ज्या रकमेपासून ई-निविदा सक्तीची होते त्या मर्यादेखाली राहतील अशा रकमांचे अनेक कार्यादेश निघाले आहेत का, हेही पाहण्याजोगे आहे. मोठ्या कामाचे तुकडे पाडले की दर वाढण्याची शक्यता असते.

जे प्रसिद्ध नाही ते मागणे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे, आणि त्यात अर्थसंकल्प, नियोजित खर्च व वितरित रकमांचे अहवाल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने एप्रिल २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत खरेदीविषयक माहितीही स्वयंप्रेरणेने प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी कार्यालयाचे संकेतस्थळ पाहावे, आणि तेथे माहिती नसेल तर अर्जात तसा उल्लेख करावा.

महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा अडचणीची वाटते, पण नेमके लिहिण्याची सवय लावते. ‘आपल्या कार्यालयाच्या संगणकीकरणाची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज फेटाळला जातो किंवा उत्तरादाखल कागदांचा ढीग समोर येतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘मालमत्ता कर प्रणालीसंदर्भात १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ या कालावधीत पुरवठादारास अदा केलेल्या प्रत्येक देयकाचा दिनांक, रक्कम, लेखाशीर्ष व कामाचे स्वरूप, मूळ करारनाम्याची व सर्व मुदतवाढ आदेशांची प्रत, करारातील दंडाच्या तरतुदीनुसार वसूल केलेली रक्कम.’ कलम ७ (९) प्रमाणे माहिती सामान्यतः मागितलेल्या स्वरूपात द्यायची असते, त्यामुळे देयकांची यादी एक्सेलमध्ये हवी असल्यास तसे अर्जातच नमूद करावे. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवस आहे, आणि उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपिलाचा मार्ग आहे.

व्यापारी गुपित म्हणून कलम ८ (१) (घ) खाली करार नाकारला जाण्याचा प्रसंग बऱ्याचदा येतो. अशा वेळी अपिलात भेद स्पष्ट करावा: सॉफ्टवेअरचा मूळ कोड किंवा सुरक्षेची रचना आपण मागत नाही, सार्वजनिक निधीतून दिलेली किंमत आणि कराराच्या अटी मागतो. या फरकावर ठाम राहावे. सर्व्हरचे अंतर्गत पत्ते, पासवर्डची व्यवस्था, सुरक्षा तपासणीतील त्रुटींचा तपशील यांसारखी माहिती मागूच नये. ती उघड होणे नागरिकांच्याच माहितीसाठी धोक्याचे आहे, आणि तशी मागणी केल्याने उरलेला अर्जही संशयाने पाहिला जातो.

आणखी एक मार्ग पुरेसा वापरला जात नाही. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. संगणक विभागाची नस्ती (फाइल) प्रत्यक्ष चाळली की कोणत्या पानांच्या प्रती घ्यायच्या ते कळते, आणि अर्ज-अपिलांचे अनेक महिने वाचतात. तेथे जडवस्तू नोंदवहीही मागावी. कार्यालयात तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. किती संगणक खरेदी झाले, किती निर्लेखित झाले (निकामी म्हणून नोंदीतून काढले) आणि वापरात किती आहेत हे तिच्यातून समजते, आणि त्यावरून परवान्यांची संख्या ताडून पाहता येते. वापरात नसलेल्या यंत्रांसाठी परवान्यांचे पैसे भरले जात असतील, तर ती बचत सुचवायला कुठल्याही तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

बेरीज आणि भागाकार

आता तक्ता मांडावा. एका ओळीत एक देयक, आणि स्तंभ असे: दिनांक, रक्कम, लेखाशीर्ष, कामाचा प्रकार, पुरवठादार, मूळ कागदाचा क्रमांक. कामाचे प्रकार मोजकेच ठेवावेत: उभारणी, देखभाल, सर्व्हर व जोडणी, परवाने, मनुष्यबळ, बदल-सुधारणा.

केवळ पद्धत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक प्रणाली ४० लाख रुपयांना उभारली. पहिले वर्ष हमीचे, त्यानंतर चार वर्षे वार्षिक देखभाल मूळ किमतीच्या १५ टक्के दराने ६ लाख, म्हणजे २४ लाख. सर्व्हरचे वर्षाला ४ लाख, पाच वर्षांचे २० लाख. दरमहा १८,००० रुपये दराने दोन ऑपरेटर, पाच वर्षांचे २१ लाख ६० हजार. मध्यंतरी ५ लाखांच्या दोन सुधारणा, म्हणजे १० लाख. एकूण खर्च १ कोटी १५ लाख ६० हजार झाला, आणि बातमीतले ४० लाख हे त्याच्या एक तृतीयांशाहून थोडेसेच अधिक ठरले. वर्षाला २५,००० अर्ज येत असतील तर पाच वर्षांचे सव्वा लाख अर्ज, आणि दर अर्जामागे खर्च सुमारे ९२ रुपये ५० पैसे.

हा शेवटचा आकडा हाती आला की चर्चा बदलते. सर्व्हरचा खर्च निम्मा केला तर दर अर्जामागे ८ रुपये वाचतात, पण ऑपरेटर जर नागरिकांनी ऑनलाइन भरलेलीच माहिती दुसऱ्या प्रणालीत पुन्हा टंकत असतील आणि दोन्ही प्रणाली जोडून ते काम थांबवता आले, तर १७ रुपयांहून अधिक वाचतात, किंवा तो खर्च तसाच ठेवून त्याच माणसांना अर्जदारांच्या मदतीसाठी बसवता येते. कोणत्या खर्चाला आधी हात घालावा हे आकडेच सांगतात. दोन शेजारच्या नगरपालिकांचा दर अर्जामागचा खर्च शेजारी शेजारी ठेवता आला तर त्याहून चांगला पुरावा नाही. मात्र दोन्हीकडचे सेवांचे स्वरूप सारखे आहे ना, हे आधी तपासून घ्यावे.

बचतीचे दावे तपासताना

बचत कशाच्या तुलनेत मोजली आहे, हा प्रश्न प्रत्येक दाव्याला विचारावा. केरळमधील शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे) स्वीकारून केलेले काम खरोखरच थोर आहे, आणि २०१९ मध्ये दोन लाखांहून अधिक संगणकांवर ३,००० कोटी रुपये वाचल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला होता. हा आकडा प्रत्येक संगणकावर परवान्यांसाठी सुमारे दीड लाख रुपये लागले असते असे गृहीत धरून आला आहे. एवढी रक्कम राज्याने कधी खर्च केली असती का, हा वेगळा प्रश्न आहे. आपल्या प्रस्तावात आधार म्हणून मागील वर्षांचा प्रत्यक्ष खर्चच घ्यावा. आकडा लहान येईल, पण तो टिकेल.

अमेरिकेचा अनुभवही येथे कामी येतो. जून २००९ मध्ये तेथील पहिले संघीय मुख्य माहिती अधिकारी विवेक कुंद्रा यांनी प्रत्येक मोठ्या सरकारी संगणक प्रकल्पाचा खर्च, वेळापत्रक आणि जबाबदार अधिकारी दाखवणारा डॅशबोर्ड सर्वांसाठी खुला केला, आणि २०१० पासून रखडलेल्या प्रकल्पांचे समोरासमोर आढावे घेऊन काही प्रकल्प थांबवले गेले. पुढे तेथील लेखापरीक्षण यंत्रणेनेच वारंवार दाखवून दिले की विभागांनी स्वतः भरलेली माहिती सर्वत्र अचूक नव्हती. खुला डेटा मिळाला म्हणजे तो खरा आहे असे धरून चालू नये. डॅशबोर्डवरील आकडा आणि देयकावरील आकडा ताडून पाहण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते.

प्रस्तावात काय मागावे

‘खर्च कमी करा’ ही मागणी कुठेच पोहोचत नाही. मागणी कृतीची असावी. उदाहरणार्थ, मुदतवाढ संपण्याच्या किमान नऊ महिने आधी नवी निविदा काढावी. करारात डेटा सुवाच्य व खुल्या स्वरूपात परत देण्याची आणि पुरवठादार बदलताना हस्तांतरणाची अट घालावी. सॉफ्टवेअर खास कार्यालयासाठी बनवून घेतले असेल तर त्याच्या मूळ कोडवर कार्यालयाचा हक्क राहावा. डेटा परत घेण्याची अट नसलेला करार कार्यालयाला त्या पुरवठादाराशी कायमचा बांधून टाकतो, आणि पुढची प्रत्येक दरवाढ मान्य करण्याखेरीज पर्याय उरत नाही. सर्व मागण्यांपैकी एकच मान्य होणार असेल तर मी हीच पुढे करीन.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत केंद्र सरकारचे मार्च २०१५ चे धोरण हाताशी आहे. निविदेत मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करण्याची अट असावी आणि ते वगळल्यास कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण केंद्रीय संस्थांना आणि ते स्वीकारणाऱ्या राज्यांना लागू आहे, त्यामुळे स्थानिक संस्थेपुढे ते बंधन म्हणून न मांडता आदर्श म्हणून मांडावे. नागरी सेवांसाठी ‘ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन’चा ‘डिजिट’ हा मुक्त मंच आणि त्यावर आधारलेला केंद्राचा ‘उपयोग’ उपलब्ध आहे. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एकाच सामायिक चौकटीवर चालतात, ही सामायिक व्यवस्थेची रोज डोळ्यांसमोर असलेली खूण आहे. तरीही कोड मोफत असला तरी सर्व्हर, जुन्या नोंदींचे स्थलांतर, मराठी भाषेची नीट व्यवस्था आणि प्रशिक्षण यांना पैसे लागतातच. ते प्रस्तावात प्रामाणिकपणे दाखवावेत.

काही खर्चांना हात लावू नये, आणि प्रस्तावात तसे स्वच्छ लिहावे. सुरक्षा तपासणी, नोंदींच्या राखीव प्रती, आणि अंध व अपंग नागरिकांना प्रणाली वापरता यावी यासाठीची कामे यांवर कपात केली की नुकसान नागरिकांचे होते आणि हिशेबात ते दिसत नाही. त्यासाठी तक्त्याला एक पुरवणी जोडावी: प्रणाली किती तास बंद होती, शेवटच्या तारखेच्या आठवड्यात किती तक्रारी आल्या, आणि किती अर्जदारांना पुन्हा प्रत्यक्ष कार्यालयात यावे लागले. शेतकऱ्याची बुडालेली दिवसाची मजुरी कोणत्याही लेखाशीर्षात येत नाही, म्हणून ती आपण मोजायची.

वेळेचे गणितही सांभाळावे. महानगरपालिकांचे अंदाजपत्रक साधारणतः जानेवारी-फेब्रुवारीत मांडले जाते. माहिती अधिकाराचे ३० दिवस, अपिलाचे आणखी दोन महिने आणि तक्ता बनवण्याचा अवधी धरला तर अर्ज ऑगस्टमध्येच जायला हवा. तक्ता तयार झाल्यावर प्रसिद्ध करण्यापूर्वी तो संबंधित कार्यालयाला पाठवावा आणि चुका दाखवण्यासाठी पंधरा दिवस द्यावेत. संगणक विभागातले लोक त्यातल्या उणिवा बहुधा खरोखर दाखवतात, आणि एखादे राहून गेलेले देयकही त्यांच्याकडूनच कळते. नंतर संपूर्ण तक्ता, मूळ कागदांच्या क्रमांकांसह, कुणालाही वापरता येईल अशा एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात ठेवावा. कागदांत ऑपरेटरांची नावे, बँक खाते क्रमांक किंवा भ्रमणध्वनी आले असतील तर ते त्याआधी काढून टाकावेत.